वॅटचा आकडा नंतर, आधी घरातली लाईन बघा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेमिंग कॉम्प्युटर घरी कसा जोडावा, यावर आलेला लेख वाचला. लेख सोपा आहे, आणि मराठी पेपरात असा विषय येतो याचंच अप्रूप वाटलं. पण दोन ग्राफिक्स कार्डांच्या मशीनसाठी ‘हजार वॅटचा गोल्ड एसएमपीएस घ्या आणि निश्चिंत व्हा’ एवढ्या एका ओळीत लेखकाने विषय उरकला आहे. (एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा.) खालच्या चौकटीत तर ‘जुन्या मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल नव्याला वापरता येतात’ असंही छापून आलं आहे. (मॉड्युलर म्हणजे ज्याच्या केबल डब्यापासून सुट्या काढता येतात तो.) पहिली ओळ अपुरी आहे. दुसरी धोक्याची आहे. म्हणून हे पत्र.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मोटर रिवायंडिंगचं दुकान चालवतो. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटरी उकलायच्या, नवी तार भरायची, वार्निश मारून वाळवायच्या, हा माझा धंदा. मोटर का जळली हे रोज बघता बघता माणसाला लाईनची नाडी कळायला लागते. अलीकडे त्याच टेबलावर कॉम्प्युटरचे एसएमपीएसही येऊन पडू लागले आहेत. गावातली पोट्टी आता मोबाईलवर थांबत नाहीत. कोणी गेम खेळतं, कोणी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतं, बरेचजण दोन्ही करतात. आणि एसएमपीएस म्हणजे तरी काय? २३० व्होल्टचा एसी घेऊन १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा डीसी देणारा डबा. मोटरी भरणाऱ्याला तो काही परका नाही.

आपल्या लेखाचं कात्रण खिशात घालून गावातलाच एक पोरगा माझ्याकडे आला. “काका, याच्यात हजार वॅट लिहिलं हाय. ऑर्डर करून टाकू काय?” त्याचे वडील मागे उभे. कापसाचा चुकारा नुकताच हाती आलेला, त्यामुळे बापाच्या चेहऱ्यावर वेगळाच हिशेब चालू होता. मी म्हटलं, थांब, आधी तुझ्याजवळ काय काय आहे ते सांग.

त्याच्याकडे जीटीएक्स १०८० टीआय ही दोन कार्डं आहेत, पुण्याच्या एका मुलाकडून जुनी घेतलेली. एनव्हिडियाने हे कार्ड २०१७ साली आणलं. एकेक कार्ड २५० वॅट खातं, म्हणजे दोघांचे ५००. प्रोसेसर रायझन ७ २७००एक्स. त्याच्या खोक्यावर १०५ वॅट लिहिलेलं असतं, पण पुरत्या जोरात तो १४० च्या आसपास ओढतो. मदरबोर्ड, रॅम, पंखे, डिस्क यांचे मिळून साठेक वॅट धरा. बेरीज झाली ७००. त्यावर वीस टक्के मोकळीक ठेवली की ८५० वॅटमध्ये काम भागतं. हजाराचा घेतला तरी बिघडत नाही, पण तो घेतला म्हणून निश्चिंत होता येतं, हे मात्र आमच्या गावात खरं नाही.

लेखात न आलेली एक गोष्ट पोराला आधीच सांगून टाकली. खेळण्यासाठी दोन कार्डं जोडण्याचा काळ आता गेला. दोन कार्डं एकत्र चालवणारं एनव्हिडियाचं एसएलआय २००४ मध्ये आलं, पाठोपाठ २००५ मध्ये एटीआय (आताची एएमडी) या प्रतिस्पर्धी कंपनीचं क्रॉसफायर. काही वर्षं त्याची चलती होती. मग गेम बनवणाऱ्यांनीच लक्ष काढून घेतलं. १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने जुन्या कार्डांसाठी एसएलआयची नवी प्रोफाइल (त्या त्या गेमसाठीची जुळणी) देणं थांबवलं, आणि ३०९० व ३०९० टीआय यांच्यानंतर घरगुती कार्डांवरून तो जोडणीचा कनेक्टरच निघून गेला. नव्या बहुतेक गेममध्ये दुसरं कार्ड नुसतं बसून राहतं. पोरगा जरा हिरमुसला. पण त्याचं दुसरं काम ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं आहे, लग्नाच्या व्हिडिओंना तो थ्रीडी नावं आणि मंडप करून देतो. ब्लेंडर रेंडर करताना (म्हणजे शेवटचं चित्र तयार करताना) दोन्ही कार्डं आपापली कामाला लावतो, मधला पूल लागत नाही. म्हणून दुसरं कार्ड विकून टाक असं काही मी म्हटलं नाही. उलट यामुळे एसएमपीएसचा प्रश्न अवघड झाला. गेममध्ये भार वर-खाली होतो, मध्ये मध्ये दम मिळतो. रेंडर लावला की दोन्ही कार्डं तासन्‌तास एका दमात चालतात.

आता डब्यावरच्या लेबलाकडे येतो. वॅटचा आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो, पण ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोघंही जगतात १२ व्होल्टवर. म्हणून लेबलावर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते बघायचं आणि १२ ने गुणायचं. चांगल्या ८५० वॅटच्या डब्यावर तिथे ७० अँपिअर सापडतात. ७० गुणिले १२ म्हणजे ८४०, जवळपास सगळी ताकद जिथे लागते तिथेच. तालुक्याच्या बाजारात कॅबिनेटसोबत जो ४५० वॅटचा डबा फुकट बसवून देतात, त्याच्यावर १२ व्होल्टपुढे १६-१८ अँपिअर दिसतात, म्हणजे खरे वॅट दोनशेच्या आसपास. उरलेला आकडा ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांत भरून फुगवलेला असतो. त्या व्होल्टवर आजकालच्या मशीनमध्ये फारसं काही चालतच नाही.

असा एक डबा दुकानात पडला होता, तो पोरासमोर उघडला. (हा उद्योग घरी कोणी करू नये. प्लग काढल्यावरही आतला मोठा कंडेन्सर चार्ज धरून बसलेला असतो आणि चांगला हिसका देतो.) लाईन आत येते तिथे फिल्टरचे चोक, म्हणजे तारेची वेटोळी, असायला हवेत. प्लेटवर त्यांच्या जागा छापलेल्या होत्या, पण चोकच्या ऐवजी तारेचे नुसते तुकडे टाकून रस्ता जोडून दिलेला. एका कंडेन्सरची जागा तर रिकामीच. पुढे २०० व्होल्टचे दोन बारके कंडेन्सर एकामागे एक जोडलेले, पाठीमागे ११५ आणि २३० व्होल्टचं लाल बटण, आणि ट्रान्झिस्टर थंड करायला अॅल्युमिनियमची पातळ पट्टी. मग शेजारी वॉरंटी संपलेला एक चांगला ८५० चा डबा उघडून ठेवला. त्यात ४०० व्होल्टच्या वरचा, १०५ अंशांचा एकच जाडजूड कंडेन्सर, आणि त्याच्या आधी तांब्याच्या तारेचे घट्ट, एकसारखे वेढे घातलेला मोठा चोक. ते वेढे बघून मला बरं वाटलं, भरणाऱ्याचा हात चांगला होता. हा चोक अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचा (आत येणारी वीज सावरून घेणाऱ्या सर्किटचा), आणि आमच्या भागात एसएमपीएस निवडताना अर्धा निर्णय याच्यावरच होतो. का, ते सांगतो.

आमच्याकडे गावठाणाचं फीडर वेगळं, शेतीपंपांचं वेगळं. कागदावर गावाला चोवीस तास लाईन आहे. पण पोराचं घर डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) शेवटच्या खांबावर. संध्याकाळी सात वाजता त्याच्या खोलीतल्या प्लगमध्ये मल्टिमीटर लावला तर १७४ व्होल्ट. त्या वेळी गावात पिठाची चक्की चालू, घराघरात टीव्ही, गिझर. पहाटे त्याच प्लगला २४६. नियमाने लघुदाबाच्या लाईनला सहा टक्के वर-खाली चालतं, म्हणजे २१६ ते २४४. दोन्ही टोकं नियमाबाहेर. याची तक्रार कुठे करायची ते आम्हाला ठाऊक आहे, आणि तक्रारीचं पुढे काय होतं तेही. या पत्राचा तो विषय नाही.

आता एसएमपीएसच्या लेबलावर ‘इनपुट’ म्हणून एक ओळ असते. कोणाचंच तिकडे लक्ष जात नाही. काही डब्यांवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, काहींवर २०० ते २४०. दोन्ही आपल्याकडे विकले जातात, आणि ऑनलाईन फोटोत हा फरक दिसतच नाही. २०० ते २४० चा डबा १७४ व्होल्टला एक तर बंद पडतो, नाही तर कण्हत-कुथत तापत राहतो. १०० ते २४० च्या डब्याला तिथे अडचण नाही.

याच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे. लाईनने क्षणभर डोळा मिटला की मशीन चालू राहतं ते आतल्या कंडेन्सरमधल्या साठ्यावर. एटीएक्स या डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या नियमावलीत हा वेळ साधारण सोळा-सतरा मिलिसेकंदांचा धरला आहे. आपली लाईन ५० हर्ट्‌झची, तिचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे एक आवर्तनही पुरतं नाही. साध्या डब्यात हा कंडेन्सर लाईनच्या व्होल्टेजवरच भरतो, आणि साठा व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो. २३० ऐवजी १७४ आले की साठा निम्म्याच्या थोडा वर, साधारण ५७ टक्के उरतो. मग चक्कीचा पट्टा चढला, दिवे जरा लपकले, की मशीन रिस्टार्ट. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचा डबा बाहेर १७४ असोत की २४०, आतला कंडेन्सर ३८०-३९० व्होल्टच्या आसपास भरून ठेवतो. साठा कायम राहतो. पोराची तक्रार नेमकी हीच होती की रेंडर रात्री साडेसात-आठला तुटतो, पहाटे लावला तर पूर्ण होतो. तो ड्रायव्हर बदलत बसला होता.

पण फुकट काहीच मिळत नाही. व्होल्ट कमी आले की डबा तेवढेच वॅट काढायला करंट जास्त ओढतो. ७०० वॅट बाहेर द्यायला, ९० टक्के कार्यक्षमता धरली, तर लाईनकडून ७८० वॅट लागतात. २३० व्होल्टला ते झाले ३.४ अँपिअर. १७४ ला ४.५. त्यात मॉनिटर आला, आणि उन्हाळ्यात त्याच एक्स्टेन्शन बोर्डवर कूलर लावला तर तुम्ही सहा अँपिअरच्या दारात उभे. घरातला साधा प्लग असतो सहाचाच. पोराच्या एक्स्टेन्शन बोर्डाचं एक भोक पिवळं पडून वाकडं झालं होतं, पिन काढली तर काळी. मी त्याच्या वडिलांना तीच पिन हातात दिली. मेन बोर्डापासून अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरची वेगळी लाईन, वेगळा एमसीबी आणि १६ अँपिअरचा पॉवर प्लग, एवढं आधी करा, मग एसएमपीएस मागवा, असं सांगितलं. शिवाय वीजबिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो, तोही एकदा वाचा म्हटलं. गावात तो कैक घरी एक किलोवॅटच्या वर नसतो, आणि हे मशीन एकटंच त्यातला मोठा वाटा घेणार. चार तास रेंडर म्हणजे तीन युनिट. हे ऐकून वडिलांनी पहिल्यांदा पोराकडे नीट बघितलं.

उष्णतेचं तर विचारूच नका. लेखात ‘गोल्ड’वर फार भर आहे. ८० प्लसचं ब्रॉन्झ, गोल्ड, प्लॅटिनम हे शिक्के कार्यक्षमतेचे आहेत, म्हणजे लाईनकडून घेतलेल्यातले किती वॅट वाया न जाता पुढे गेले याचे. डबा किती वर्षं टिकेल हे ते सांगत नाहीत. आणि ती चाचणी होते २३ अंश तापमानाला. आमच्याकडे २३ अंश डिसेंबरात बघायला मिळतात. मे महिन्यात बाहेर ४५ असतात, टिनाखालच्या खोलीत पंखा गरम वाराच फेकतो, आणि मशीनच्या ७०० वॅटची उष्णता त्याच खोलीत सुटते. म्हणून वॅट कोणत्या तापमानाला मोजले ते बघायचं. चांगल्या कंपन्या माहितीपत्रकात ४० किंवा ५० अंश असं स्पष्ट लिहितात, स्वस्त माल काहीच लिहीत नाही. ४० अंशांना ८५० वॅट देणारा डबा आमच्या मे महिन्यात पूर्ण ८५० देईल, असं धरून चालता येत नाही. ५० अंशांवालाच घ्यायचा. तो चारशे-पाचशे रुपये महाग पडला तरी चालेल, पण ‘प्लॅटिनम’साठी हजारो जास्त मोजायची गरज मला तरी वाटत नाही.

कापसाची एक गोष्ट शहरातल्या लेखकाला सुचणं शक्यच नाही. भाव वाढेल या आशेने आमच्याकडे दिवाळीपासून पुढे कापूस घरातच भरून ठेवतात. ज्या खोलीत कापसाचा ढीग, त्याच खोलीत टेबल आणि टेबलावर कॉम्प्युटर. पोराच्या जुन्या एसएमपीएसची जाळी बघितली तर तंतूंचं जाड अस्तर बसलेलं, पंखा फिरत होता पण वारा जात नव्हता. आणि तापलेला डबा कापसाशेजारी ठेवणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. जिनिंगमध्ये कापूस कसा पेटतो ते आमच्या भागात सगळ्यांनी पाहिलं आहे. कापूस असेपर्यंत मशीन दुसऱ्या खोलीत, नाही तर एसएमपीएस मिळणार नाही, असं त्याच्या आईने तिथल्या तिथे बजावलं. कूलरच्या अगदी तोंडाशीही कॅबिनेट ठेवू नये. ओली हवा चालते, तुषार चालत नाहीत.

कार्डाच्या झटक्यांबद्दल लेखात काहीच नाही. पाच एचपीची मोटर स्टार्टर दाबताच पाच-सहा पट करंट ओढते आणि मग जागेवर येते. स्टार्टर, वायर, फ्यूज हे सगळं त्या क्षणाचा विचार करून निवडावं लागतं. ग्राफिक्स कार्डांचंही तसंच आहे. सरासरी २५० वॅटचं कार्ड सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं त्याहून बरंच जास्त मागून जातं. मीटरला ते दिसत नाही, एसएमपीएसच्या आतल्या संरक्षणाला मात्र कळतं आणि ते डबा बंद करतं. २०२० साली आलेल्या ३०८०, ३०९० सारख्या मोठ्या कार्डांनी हा त्रास इतका वाढवला की २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या नियमावलीत नव्या डब्यांनी आपल्या रेटिंगच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सोसला पाहिजे, असं घालण्यात आलं. दोन कार्डं असली की दोघांचे झटके कधी ना कधी एकाच क्षणी येणारच. म्हणून ते वीस टक्के मोकळे ठेवायचे. शिवाय कार्डाची पॉवर लिमिट सॉफ्टवेअरमधून ७५ टक्क्यांवर आणली तर दोन कार्डांचे सव्वाशे वॅट वाचतात आणि रेंडरला थोडाच वेळ जास्त लागतो. पोराला हे पटत नव्हतं, त्याला सगळं १०० टक्के हवं होतं. उन्हाळ्यापुरतं तरी कर, इतक्यावर तडजोड झाली.

अर्थिंगचं थोडक्यात सांगतो. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार घेऊन गावातली निम्मी पोरं येतात. त्याचं कारण एसएमपीएस खराब असणं हे नसतं. चांगल्या डब्याच्या फिल्टरमध्ये लाईन आणि बॉडी यांच्यामध्ये बारके कंडेन्सर असतातच. तिसरी पिन जमिनीशी जोडलेली नसेल तर बॉडी लाईनच्या निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहते. लोक काय करतात, तिसरी पिनच तोडून टाकतात! अर्थिंगचा खड्डा करा, मीठ-कोळसा घाला, आणि मुख्य म्हणजे उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत राहा. आमची काळी माती पावसाळ्यात अर्थिंगला फार चांगली. एप्रिल-मेमध्ये ती भेगाळते, रॉडपासून सुटते, आणि अर्थिंग कागदावरच राहतं.

इन्व्हर्टरवर हे मशीन चालवायचं असेल तर प्युअर साइन वेव्हचा हवा, चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरशी अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचं नीट पटत नाही. आणि ६०० व्हीए लिहिलेल्या छोट्या यूपीएसमधून खरे वॅट ३६० च निघतात, ७८० वॅटच्या मशीनला तो पुरणार कसा? बटण बंद करण्यापुरताही नाही.

आता केबल. संपादक महोदय, बाकी सगळं सोडा, पण एवढं मन लावून वाचा. मॉड्युलर एसएमपीएसच्या केबलचं कार्डाकडचं, डिस्ककडचं टोक सगळ्या कंपन्यांचं सारखं असतं, त्याचे नियम ठरलेले आहेत. एसएमपीएसकडच्या टोकाला असा कोणताही नियम नाही. प्रत्येक कंपनी पिना आपापल्या पद्धतीने मांडते, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही मांडणी वेगळी असू शकते. घोटाळा असा की प्लग बसतो. खटका लागल्याचा आवाजही येतो. आणि डिस्कला ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात. शेजारच्या गावचा एक फोटोग्राफर असाच आला होता. डबा नवा, केबल जुन्या, कॅबिनेटच्या मागे नीट बांधलेल्या होत्या म्हणून काढायचा कंटाळा केलेला. हार्ड डिस्कच्या सर्किट प्लेटवर एक बारका भाग फुटून काळा झालेला. त्या डिस्कवर हंगामातली लग्नं होती, काही जणांना अजून अल्बम द्यायचा होता. एसएमपीएसचं काहीच बिघडलं नव्हतं.

यातच आणखी एक. प्रोसेसरची आठ पिनांची केबल आणि ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची केबल दिसायला जुळ्या बहिणी, पण एकीत जिथे १२ व्होल्ट तिथे दुसरीत ग्राउंड. जोर लावून एकीच्या जागी दुसरी बसवू नये. कार्डाला स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, सहा पिनांतून ७५, आठ पिनांतून १५०. पोराच्या एकेका कार्डाला एक सहाची आणि एक आठची लागते, दोघांना मिळून चार टोकं. एकाच केबलला दोन टोकं काढलेली असतात, त्यावर एक कार्ड भागवता येतं, पण चार वेगळ्या केबल निघणारा डबा मिळत असेल तर तोच घ्यावा. जुन्या हार्ड डिस्कच्या मोलेक्स पिनांवरून कार्डाला लाईन देणारे जोड तर बाजारात विकायलाच नकोत. बारीक तारेतून आठ-दहा अँपिअर गेल्यावर प्लास्टिक वितळलेले असे जोड मी खिळ्याला टांगून ठेवले आहेत, गिऱ्हाइकाला दाखवायला.

पोराने शेवटी ८५० वॅटचा, गोल्ड, १०० ते २४० व्होल्टचा, ५० अंशांना मोजलेला, चार वेगळ्या केबल देणारा डबा घेतला, नागपूरला सीताबर्डीत स्वतः जाऊन, लेबल डोळ्यांनी वाचून. दुकानदाराने त्याला कमी किमतीत १२०० वॅटचा वापरलेला दाखवला होता. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाचं खाणकाम ग्राफिक्स कार्डांवरून बंद झालं तेव्हापासून असा माल खूप फिरतो आहे, रात्रंदिवस पूर्ण भाराने चाललेला. पोरगा मोहात पडला नाही. हजार वॅटचा घेतला असता तरी मी काही म्हटलं नसतं, पण वाचलेल्या पैशात वेगळी लाईन, एमसीबी आणि अर्थिंग झालं. वडिलांना तो सौदा पटला.

आपल्या पुरवणीला दोन विनंत्या. असा तक्ता पुन्हा छापाल तेव्हा वॅट आणि गोल्ड यांच्या शेजारी इनपुट व्होल्टेज आणि मोजणीचं तापमान असे दोन रकाने वाढवा. विदर्भ-मराठवाड्यातला वाचक ते आधी बघेल. आणि केबलच्या वाक्याचा खुलासा येत्या रविवारीच, ठळक अक्षरात द्या. सोयाबीन विकून झालं आहे, कापसाचे चुकारे होत आहेत, पोरांच्या हाती याच दिवसांत पैसा येतो आणि ऑर्डरी जातात.

पत्र लांबलं आहे याची कल्पना आहे. जागा नसेल तर अर्थिंग आणि इन्व्हर्टरचं कापा, मोटरचंही कापलं तरी चालेल. केबलचा परिच्छेद मात्र जसाच्या तसा ठेवावा.

कळावे,
आपला एक वर्गणीदार वाचक
(मोटर रिवायंडिंग व कॉम्प्युटर दुरुस्ती, ता. दारव्हा, जि. यवतमाळ. नाव छापू नये, गावातले लोक फुकट सल्ल्याला रांग लावतील.)